बालसंगोपन : बाळाची जीभ बांधलेली आहे काय ?

गेल्या महिन्यांत आमच्याकडे एका वाचक भगिनीचें पत्र आलें. पत्र लिहिलें तेव्हां तिच्या बाळंतपणास अवघे बारा दिवस झाले होते. बाळ पहिलें, मुलगा, पूर्ण दिवसांचा. ती लिहिते : "बाळ तासतासभर पदराखालीं असतें, तरी बाजूस निजविलें कीं पुनः रडूं लागतें. पाजतांना मला इतक्या कळा येतात कीं, तें उठल्याची चाहूल लागली तरी डोळ्यांत पाणी उभें राहतें. सासूबाई म्हणतात, दूध कमी आहे, वरचें सुरू करावें. आईचें म्हणणें, पहिलटकरणीला असेंच होतें, सगळें आपोआप सुरळीत होईल. परवां आत्याबाई आल्या होत्या. बाळ रडत असतांना त्यांनीं त्याच्या तोंडांत पाहिलें आणि म्हणाल्या, 'अग, याची जीभ खालीं चिकटली आहे. आतांच कापून घेतली नाहींस तर पोर जन्मभर बोबडें राहील.' तेव्हांपासून घरांत दुसरा विषय नाहीं. मीं कोणाचें ऐकावें ?"

या भगिनीस आम्हीं त्याच दिवशीं उत्तर कळविलें. कारण बारा दिवसांचें बाळ पुढच्या अंकाची वाट पाहूं शकत नाहीं. परंतु हा प्रश्न एका घरचा नाहीं, म्हणून या महिन्याचें लेखन त्यासच वाहिलें आहे. तिन्ही वडीलधाऱ्यांच्या बोलण्यांत थोडथोडें तथ्य आहे. मात्र पाहावयाची खरी गोष्ट तिघींच्याही नजरेंतून निसटली आहे. बाळाची जीभ कशी दिसते हा मुख्य प्रश्नच नव्हे. ती आपलें काम करते कीं नाहीं, हा प्रश्न आहे.

प्रथम हा बंध म्हणजे काय तें पाहूं. आरशासमोर उभें राहून जीभ टाळूकडे उचलली कीं तिच्या खालीं मधोमध एक नाजूक पडदा ताणलेला दिसतो. तो प्रत्येकास असतो. त्याच्या दोन्ही बाजूंस लाळेच्या नळ्यांचीं बारीक मुखें असतात. कांहीं बाळांत हा पडदा आंखूड, जाड किंवा जिभेच्या अगदीं टोंकापर्यंत आलेला असतो आणि त्यामुळें जीभ मोकळेपणीं हलत नाहीं. यासच डॉक्टर 'टंग-टाय' म्हणतात. आपण त्यास जिव्हाबंध म्हणूं. हा बंध जन्मतःच असतो, मुलींपेक्षां मुलांत अधिक आढळतो, आणि पुष्कळदां एकाच घराण्यांत अनेकांस असतो. आईच्या खाण्यापिण्याचा, ग्रहणाचा किंवा गरोदरपणांतील कोणत्याही चुकीचा त्याच्याशीं कांहीं संबंध नाहीं, हें येथेंच स्पष्ट केलेलें बरें.

हा पडदा म्हणजे एक सुटी दोरी, कापली कीं काम झालें, अशी समजूत फार दिवस होती. न्यूझीलंडमधील शल्यवैद्यांनीं २०१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या शरीररचनेच्या अभ्यासांत मात्र असें दिसून आलें कीं, ती दोरी नसून तोंडाच्या तळाशीं पसरलेल्या पातळ आवरणाची, जीभ उचलल्यावर उभी राहणारी एक घडी आहे. ती कोणाची कशी आणि किती जाड, हें माणसागणिक बदलतें. जिभेच्या मज्जातंतूंच्या शाखाही तिच्या निकटच असतात. म्हणून तेथें कात्री लावणें हें नख कापण्याइतकें सहज मानूं नये.

आतां, बंध दिसला म्हणजे त्रास होणारच कां ? इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथें झालेल्या व २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत १,८६६ नवजात बाळांपैकीं २०१ बाळांस जिव्हाबंध आढळला. त्यांतील ८८ बाळांस दूध पिण्यांत अडचण होती. म्हणजे निम्म्याहून अधिक बाळें बंध असूनही मजेंत दूध पीत होतीं. त्यांच्या जिभेस हात लावण्याचें कांहींच कारण नव्हतें. आत्याबाईंनीं पाहिलें तें खरें असेल, परंतु तेवढ्यावरून निर्णय होत नाहीं.

निर्णय कशावरून व्हावा हें समजण्यासाठीं बाळ दूध कसें ओढतें तें ध्यानांत घेतलें पाहिजे. पुष्कळांस वाटतें, बाळ नुसतें स्तनाग्र चोखतें. तसें नाहीं. तें तोंड मोठें उघडून स्तनाचा बराचसा काळा भाग आंत घेतें, जीभ खालच्या हिरडीवरून पुढें आणून पन्हाळीसारखी करते आणि मग जिभेचा मागचा भाग खालीं दाबतें. त्या वेळीं तोंडांत पोकळी निर्माण होऊन दूध आंत येतें. जीभ पुढें येईना किंवा खालींवर होईना, तर बाळाची पकड उथळ राहते. तें हिरडीनें चावूं लागतें, आणि मेहनत पुष्कळ होऊन दूध थोडें मिळतें. आईस कळा कां येतात आणि बाळ तास तास लुचूनही भुकेलें कां राहतें, या दोन्ही प्रश्नांचें उत्तर यांत आहे.

म्हणून घरच्यांनीं बाळाच्या तोंडांत डोकावण्यापूर्वीं एकदां बाळंतिणीशेजारीं स्वस्थ बसून एक संबंध पाजणें पाहावें. बाळ पकडतें आणि सुटतें, पुनः पकडतें आणि सुटतें, असें चाललें आहे काय ? पितांना 'टक् टक्' असा आवाज येतो काय ? दूध ओंठांच्या कडेनें गळतें काय ? पोट भरण्यापूर्वींच थकून झोंपतें आणि अर्ध्या घटकेंत पुनः रडतें काय ? घोंट गिळल्याचा आवाज येतो कीं नुसतेंच चोखणें चालू आहे ? तसेंच आईकडे पाहावें. बाळ सुटल्यावर स्तनाग्र गोल न राहतां चेपून बोरूच्या टोंकासारखें तिरपें झालें आहे काय ? तें पांढरें पडतें काय, त्यास चिरा पडल्या आहेत काय ? पाजूनही स्तन जडच राहतात, गांठी येतात, असें होतें काय ?

मग बाळाची जीभ पाहावी. तें रडत असतांना जीभ वर उचलली जाते कीं तळाशींच राहते ? टोंक मध्यें ओढलें जाऊन बदामासारखी खांच पडते काय ? खालच्या ओंठास बोटानें हळूच स्पर्श केल्यास जीभ हिरडीच्या पुढें येते काय ? हात स्वच्छ धुतलेले असावेत, नखें कापलेलीं असावींत, आणि जीभ ओढूं मात्र नये.

यापेक्षांही भरंवशाचा साक्षीदार म्हणजे वजनाचा कांटा. जन्मल्यावर पहिल्या कांहीं दिवसांत बाळाचें वजन थोडें उतरतें; शेंकडा सात ते दहापर्यंत उतरणें हें पुष्कळदां दिसतें. परंतु दोन आठवड्यांच्या सुमारास तें जन्मवजनावर परत आलें पाहिजे, आणि पुढें पहिले तीन महिने रोज सुमारें २० ते ३० ग्रॅम वाढलें पाहिजे. पांचव्या दिवसानंतर दिवसाकांठीं निदान सहा दुपटीं चांगलीं ओलीं व्हावींत. हें सर्व ठीक असेल आणि आईसही दुखत नसेल, तर जीभ बदामासारखी दिसो कीं पिंपळपानासारखी, तिची चिंता करूं नये.

समजा, हें ठीक नाहीं. तरीही लगेच कात्रीकडे धांवूं नये. वर सांगितलेलीं बहुतेक लक्षणें केवळ बाळास नीट धरलें नाहीं म्हणूनही होतात, आणि असें होणें जिव्हाबंधाहून पुष्कळ अधिक. म्हणून पहिला उपाय धरण्याचा. आईनें पाठ टेंकून बसावें. बाळास आपल्याकडे पुरतें वळवून त्याचें पोट आपल्या पोटास लागेल असें धरावें. मान वळलेली नसावी. त्याचें नाक स्तनाग्रासमोर येऊं द्यावें आणि तोंड मोठें उघडतांच बाळास छातीकडे आणावें. आपण वांकून छाती बाळाकडे नेऊं नये. हनुवटी स्तनास टेंकलेली आणि खालचा ओंठ बाहेर उलटलेला असला म्हणजे पकड खोल झाली असें समजावें. दुखत राहिल्यास करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यांतून घालून पकड सोडवावी व पुनः लावावें. हें पुस्तकांतून शिकण्यापेक्षां अनुभवी परिचारिकेनें किंवा स्तनपानाची माहितगार असलेल्या डॉक्टरनें शेजारीं बसून दाखविलेलें चांगलें. पुष्कळ बाळंतिणींचें दुःख एवढ्यानेंच हलकें होतें.

हे प्रयत्न चालू असतांना बाळास उपाशी ठेवूं नये. वजन वाढत नसेल तर आईचें दूध स्वच्छ हातानें किंवा यंत्रानें काढून वाटी-चमच्यानें अथवा उकळून घेतलेल्या बोंडल्यानें पाजावें. यांत दुहेरी लाभ आहे. बाळाचें पोट भरतें, आणि स्तन रिकामे होत राहिल्यानें दूध टिकतें. दूध जितकें निघतें तितकें येतें, न निघालें तर आटतें. हा निसर्गाचा नियम न जाणतां वरचें दूध सुरू केलें म्हणजे 'दूध कमी आहे' हें सासूबाईंचें म्हणणें आठ-पंधरा दिवसांत खरें होऊन बसतें. डॉक्टरांनीं वजन पाहून वरचें दूध सांगितलें तर तें अवश्य द्यावें, परंतु तें त्यांच्या सल्ल्यानें. शेजारणीच्या सल्ल्यानें नव्हे. आणि बाळ सुस्त पडलें, पिण्यास उठेनासें झालें किंवा लघवी अगदीं कमी झाली, तर विचार करीत न बसतां त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा.

धरण्याची पद्धत सुधारूनही दुखणें थांबलें नाहीं, बाळ पकडेना, वजन वाढेना, आणि जिभेची हालचाल खरोखरच अडलेली दिसली, म्हणजे मग बंध कापण्याचा विचार योग्य ठरतो. हें काम बालशल्यविशारदाचें किंवा कान-नाक-घशाच्या तज्ज्ञाचें. पहिल्या कांहीं आठवड्यांत तें लहानसेंच असतें. बाळास दुपट्यांत गुंडाळतात, एकजण डोकें स्थिर धरतो, जीभ वर उचलून बोथट टोंकाच्या निर्जंतुक कात्रीनें पडदा छेदतात. सहसा रक्ताचे कांहीं थेंब येतात. लगेच बाळास पदराखालीं द्यावयाचें. पुढें कांहीं दिवस जिभेखालीं पांढरट-पिवळा डाग दिसतो. तो पू नव्हे, जखम भरून येण्याची खूण असते. मूल मोठें झाल्यावर हेंच काम करावयाचें तर भूल द्यावी लागते.

काम लहान असलें तरी त्याआधीं तीन गोष्टी विचाराव्यात. जन्मल्यावर बाळास 'के' जीवनसत्त्वाचें इंजेक्शन दिलें होतें काय ? नसेल तर रक्त न थांबण्याचें भय असतें. घराण्यांत कोणास रक्तस्राव न थांबण्याचा विकार आहे काय ? आणि बाळाचा खालचा जबडा फार लहान किंवा मागें सरलेला आहे काय ? अशा बाळाची जीभ मोकळी केल्यास ती मागें पडून श्वासास अडथळा होऊं शकतो; तेथें फार सावधगिरी हवी. रक्तस्राव, जखम चिघळणें, लाळेच्या नळीस इजा होणें, पडदा पुनः जुळून येणें, हे धोके क्वचित् येणारे असले तरी नाहींत असें नव्हे.

कापल्यानें गुण किती येतो, याचें उत्तर प्रामाणिकपणें द्यावयाचें तर तें मर्यादित शब्दांत द्यावें लागेल. वर उल्लेखिलेल्या साउदॅम्प्टनच्या अभ्यासांत अडचण असलेल्या ५७ बाळांपैकीं २८ जणांचा बंध लगेच कापला. त्यांतील २७ जणांचें पिणें सुधारलें. बाकीच्या २९ जणांच्या आयांस केवळ मार्गदर्शन दिलें. तेथें एकाचेंच सुधारलें. आंकडे मोठे बोलके, परंतु कोणाचें कापलें आहे हें आयांस ठाऊक होतें, आणि आशेनेंही दुःख कमी वाटतें. पुढें २०१७ सालीं कॉक्रेन संस्थेनें पांच प्रयोगांतील ३०२ बाळांचा एकत्र विचार केला. आईच्या वेदना थोड्या काळापुरत्या कमी होतात एवढें त्यांत दिसलें. बाळाच्या पिण्यांत मात्र सर्वत्र सारखी सुधारणा दिसली नाहीं. इंग्लंडांतील २०२३ सालीं प्रसिद्ध झालेला प्रयोग १६९ बाळांवरच थांबवावा लागला, आणि तीन महिन्यांनीं अंगावर पिणाऱ्या बाळांचें प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखेंच आढळलें. मात्र ज्यांचा बंध न कापण्याचें ठरलें होतें त्यांतील बहुतेकांचा नंतर कापला गेला होता, त्यामुळें हा निकालही अंतिम म्हणतां येत नाहीं. सारांश, योग्य बाळ निवडलें तर आईचें दुःख शमण्याची चांगली आशा आहे; सरसकट कापीत सुटण्यास आधार नाहीं.

आणि सरसकट कापीत सुटण्याची लाट कांहीं देशांत खरोखरच आली आहे. अमेरिकेंतील रुग्णालयांच्या नोंदींत १९९७ सालीं सुमारें ३,९०० बाळांस हें निदान झालें होतें. २०१२ सालीं तो आंकडा सुमारें ३२,८०० झाला. पंधरा वर्षांत बाळांच्या जिभा बदलल्या असें कोणी म्हणणार नाहीं. पाहणाऱ्यांची दृष्टि बदलली. आतां वरच्या ओंठाखालचा पडदाही कापावा, कात्रीऐवजीं लेसरच वापरावा, नंतर कित्येक आठवडे जखम बोटानें ताणावी, असेंही सांगितलें जातें. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनें २०२४ सालच्या अहवालांत या तिन्ही गोष्टींस पुरेसा आधार नसल्याचें नमूद केलें आहे. नवें आणि महाग म्हणजे चांगलें, या मोहास सुशिक्षितच लवकर बळी पडतात, म्हणून हें मुद्दाम लिहिलें.

आतां आत्याबाईंच्या खऱ्या धास्तीकडे वळूं : पोर बोबडें राहील काय ? जिव्हाबंधामुळें मूल उशीरा बोलूं लागतें असें सिद्ध झालेलें नाहीं. आपली वर्णमालाच येथें साक्षीस उभी आहे. प-वर्ग ओंठांचा, त्यास जिभेचें टोंक लागतच नाहीं. क-वर्ग जिभेच्या मागच्या भागाचा. टोंकाचें काम पडतें तें त-वर्गास, ट-वर्गास आणि र, ल, ळ, स या वर्णांस. बंधानें उच्चार अडला तर तो येथें अडेल. परंतु आपलीं मुलें 'काका' म्हणावयाचें तेथें 'ताता' म्हणतात आणि 'राम'चा 'लाम' करतात. यांत जिभेचें टोंक अडलेलें नसून उलट तें दांतांशीं आणि वर टाळूशीं नेमकें पोंचतें आहे ! हे बोबडे बोल वयाचे आहेत, बंधाचे नव्हेत. र, ळ, ण हे वर्ण तर पुष्कळ मुलांस चार-पांच वर्षांपर्यंत नीट येत नाहींत. मूल दोन वर्षांचें होऊनही बोलत नसेल तर जिभेखालीं पाहण्यापूर्वीं त्याचे कान तपासून घ्यावेत. आणि तोतरेपणाचा तर जिभेच्या बंधाशीं संबंधच नाहीं. बर्लिनच्या डीफेनबाख नांवाच्या नामांकित शल्यवैद्यानें १८४१ सालीं तोतरेपणा घालविण्यासाठीं रुग्णांच्या जिभेवर शस्त्र चालविलें होतें. तो भयंकर उपाय लवकरच टाकून द्यावा लागला. पहिल्या शतकांतील सेल्सस या रोमन ग्रंथकारानेंही नोंदवून ठेवलें आहे कीं, एका माणसाची जीभ सोडविल्यावर ती दांतांबाहेर येऊं लागली, परंतु बोलणें कांहीं आलें नाहीं.

पुढें पांचव्या-सहाव्या वर्षीं वरील वर्णच अडखळत असतील, जीभ दांतांबाहेर निघत नसेल, ओंठावर लागलेलें श्रीखंड चाटतां येत नसेल, तर वाचोपचाराच्या तज्ज्ञास दाखवावें आणि त्याच्या मतानें पुढें जावें. तेव्हांही वेळ गेलेली नसते. म्हणून 'पुढें बोबडें होईल' या भीतीनें बारा दिवसांच्या, नीट दूध पिणाऱ्या बाळाची जीभ कापणें योग्य नव्हे.

घरगुती उपायांविषयीं दोन शब्द. नखानें किंवा ब्लेडनें पडदा तोडण्याची चाल कोठें कोठें होती. तींत रक्तस्रावाचें व विषबाधेचें भय आहे, तें कोणीही करूं नये. जीभ हलकी व्हावी म्हणून वेखंड उगाळून लावतात. त्यानें पडदा लांब होत नाहीं. आणि मध तर बाळास वर्षापर्यंत बोटभरही चाटवूं नये. त्यांतून क्वचित् अशा जंतूंची बाधा होते कीं बाळाचे स्नायू लुळे पडतात.

त्या भगिनीचें दुसरें पत्र नुकतेंच आलें. परिचारिकेनें दोन दिवस शेजारीं बसून धरण्याची पद्धत शिकविली. दुखणें अर्धें कमी झालें, परंतु गेलें नाहीं. सोळाव्या दिवशीं बाळ जन्मवजनाहून दीडशें ग्रॅमनीं कमीच भरलें, आणि त्याची जीभ हिरडीपुढें येत नव्हती. तज्ज्ञांनीं इंजेक्शनची नोंद पाहून बंध कापला. आठवड्यांत कळा थांबल्या आणि वजन चढूं लागलें. त्याच दवाखान्यांत शेजारच्या खाटेवरील बाळाची जीभही अगदीं तशीच बदामाकृति होती. परंतु तें भरपूर पीत होतें, वजन वाढत होतें, आणि त्याच्या आईस कांहीं दुखत नव्हतें. डॉक्टरांनीं त्यास हात न लावतां घरीं पाठविलें. दोन्ही निर्णय आमच्या मतें योग्यच.

पत्राच्या शेवटीं ती लिहिते कीं, सोळा दिवस आपल्यास 'दूध नाहीं' असेंच वाटत होतें आणि रात्रीं त्याच विचारानें रडूं येई. दूध होतें, बाळास तें घेतां येत नव्हतें. आमच्या वडीलधाऱ्या वाचक भगिनींस एवढेंच विनवितों कीं, घरच्या सुनेस किंवा लेकीस 'तुला दूध कमी' असें म्हणण्यापूर्वीं एकदां तिच्याशेजारीं बसून बाळ कसें पितें तें शेवटपर्यंत पाहावें. अनुभवी डोळ्यांचा तितका उपयोग दुसऱ्या कशांत होणार नाहीं.